मुरायला ठेवलेलं

प्रागच्या उत्तरेला रोस्तोकी नावाचं एक छोटं स्टेशन आहे. तिथे उतरलं की ओढ्याच्या कडेकडेनं एक वाट आत वळते. त्या दरीचं नावच ‘शांत दरी’. आधी जुने बंगले लागतात, मग झाडी, मग खडक, आणि तास-सव्वा तास चाललं की ऊन्येतित्से गावची घरं दिसायला लागतात. पुरातत्त्व शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल, कारण मध्य युरोपातली कांस्ययुगातली एक अख्खी संस्कृती या गावाच्या नावानं ओळखली जाते. मी तिथे जाते ती गावातल्या ब्रुअरीसाठी. तिचा इतिहास १७१०पर्यंत मागे जातो. विसाव्या शतकाच्या मध्याला ती बंद पडली, साठेक वर्षं तिथे काहीच शिजलं नाही आणि २०११मध्ये तिची भट्टी पुन्हा पेटली.

महिन्यातला एक शनिवार मी या वाटेसाठी राखून ठेवते. बरोबर पाण्याची बाटली, एक पेन्सिल आणि एक वही.

इथल्या मुख्य बिअर दोनच. दहाची आणि बाराची. नव्या माणसाला वाटतं, हे आकडे अल्कोहोलचे आहेत. तसं नाही, अल्कोहोल दहाच्या बिअरमध्ये चार टक्क्यांच्या आसपास आणि बाराच्या बिअरमध्ये पाचच्या आसपास असतं. आंबवण्याआधी धान्याचा जो गोड रस तयार होतो, त्यात शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम साखर आणि इतर अंश विरघळलेला आहे, त्याचा हा आकडा. प्रागमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्ल बॉलिंग यांनी एकोणिसाव्या शतकात ही मोजणी बसवून दिली. पुढे आडोल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञानं तेच कोष्टक अधिक काटेकोर केलं, आणि त्या ब्रिक्सचं नाव आमच्याकडच्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज घेतलं जातं. माझे वडील शिरोळ तालुक्यातल्या एका कारखान्यात केमिस्ट होते. ‘आज ब्रिक्स किती?’ हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. उसाचा रस अठरा-वीस ब्रिक्सचा असतो. म्हणजे बाराच्या बिअरचा रस आमच्या उसाच्या रसापेक्षा बराच पातळ, पण मोजायची पट्टी एकच. प्रागला येऊन बारावर बोट ठेवून बिअर मागवली, तेव्हा हे माझ्या लक्षातही नव्हतं. लक्षात आलं त्या दिवशी मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पण चव बघायला शिकले ती प्रयोगशाळेत नाही, गुऱ्हाळावर. माझे थोरले चुलते, तात्या, गुळव्या होते. गुऱ्हाळात माणसं खूप असतात. कोणी ऊस घाण्याला लावतो, कोणी चुलवाणात चिपाडं सारतो, पण गूळ झाला की नाही हे सांगणारा एकच, तो गुळव्या. काहिलीतला रस उकळायला लागला की तात्या भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडायचे, वर काळपट मळी यायची, ती काढून टाकायचे. मग बोलणं बंद. बुडबुड्यांचा आकार बदलायचा, वाफेचा वास बदलायचा, आणि तात्या नुसते उभे. पुस्तकात लिहिलंय की ११८ अंशांच्या आसपास पाक उतरवायचा. तात्यांकडे थर्मामीटर नव्हता. ते उलथन्यावरचा थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांत वळायचे, ती गोळी काहिलीच्या काठावर टाकून तिचा आवाज ऐकायचे आणि हात वर करायचे. तेवढ्यात आठ-दहा माणसं काहील उचलून वाफ्यात ओतायला धावायची.

ती गोळी मग मला मिळायची. मी नऊ वर्षांची असेन. तोंडात टाकली की तात्या विचारायचे, “काय लागतंय?”

“गोड.”

“गोड तर असनारच की. आनि काय?”

मी पुन्हा चघळायची. खारट? थोडं. धुरकट? हो, चिपाडाचा धूर. मागून एक तुरट चव? कधी असायची, कधी नसायची. नदीकाठच्या खाऱ्या जमिनीतला ऊस असला की तात्यांना जिभेवर कळायचं. व्यापाऱ्यांना मात्र पिवळाधमक गूळ लागे. रंग उजळायला पाकात पावडर टाकणारे पुष्कळ होते आणि आहेत. तात्यांनी ती कधी हातात घेतली नाही, म्हणून त्यांच्या तांबूस ढेपांना सौद्यात कमी भाव मिळे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली, तिथे गुळाचा भाव डोळ्यांनी ठरावा, जिभेनं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात हेच दोन शब्द असतात. आनि काय.

ऊन्येतित्सेला मी न गाळलेली बाराची घेते. ओतणारा आधी ग्लास गार पाण्यात विसळतो. मग नळ थोडा उघडून तळाला फेस घेतो आणि त्या फेसाच्या खालून बिअर सोडतो, म्हणजे ती हवेला लागत नाही. वर तीन बोटं फेस राहतो. या ओतण्याला चेक लोक ‘ह्लादिन्का’ म्हणतात. भारतात मी फेस काढून टाकताना पाहिलाय, फेस म्हणजे मापात मारलेली लबाडी असं समजून. इथे फेस हे बिअरचं झाकण आहे. हा फेस पांढरा, ओला, दुधावरच्या सायीसारखा जड असतो. बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत. ग्लास तिरपा केला तर तो बिअरबरोबर वाहत नाही, मागून हळू येतो. प्रत्येक घोटानंतर काचेला एक कडं चिकटून राहतं. पाच घोट, पाच कडी. ग्लास नीट धुतलेला नसेल, तेलाचा अंश असेल, तर ही कडी बसत नाहीत.

रंग किंचित धुरकट सोन्यासारखा. उजेडाकडे धरला तर खालच्या बाजूला तांबूस झाक दिसते. ती माल्टची आणि त्याचं कालवण थोडं थोडं काढून उकळण्याची. तात्यांच्या ढेपेची आठवण मला इथेच येते, जिभेच्याही आधी.

मग वास. नाक फेसाच्या जवळ नेलं की पहिल्यांदा येतो तो भाकरीच्या पापुद्र्याचा, तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकून फुगली की वरच्या पापुद्र्याला येतो तो. त्याच्या मागे सुकत घातलेलं गवत आणि अगदी जरासं मिरं. हे झाटेट्सच्या हॉपचं, बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या बोंडांचं. झाटेट्स हा चेक देशाच्या वायव्येचा हॉपच्या मळ्यांचा भाग. २०२३मध्ये युनेस्कोनं ते मळे आणि हॉप वाळवायच्या जुन्या इमारती जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. अमेरिकेतल्या काही हॉपना आंब्याचा, संत्र्याचा, अननसाचा वास असतो आणि तो लांबूनच येतो. झाटेट्सच्या हॉपकडे आपल्याला वाकून जावं लागतं.

पहिला घोट मी मोठा घेते. वाइनसारखं चमच्याएवढं तोंडात घोळवून ही लागर जातीची बिअर कळत नाही, घशातून खाली जायला हवी. आधी माल्टचा गोडवा, पण पातळ नाही, जिभेवर त्याला वजन आहे. मधे वायूची एक बारीक टोचणी. आणि गिळल्यावर कडवटपणा येतो, जिभेच्या मागच्या बाजूला. कारल्याचा नव्हे. मेथीची भाजी खाल्ल्यावर उरतो तसा, जो पुढच्या घासाला बोलावतो. तो किती वेळ राहतो हे मी मनात मोजते. चांगल्या दिवशी दहा-बारा आकडे होतात आणि मग तो काही न खरवडता निघून जातो.

आनि काय? काहीच नाही. आणि बाराच्या बिअरबद्दल माझं जे काही प्रेम आहे ते या ‘काहीच नाही’वर आहे. मका उकडल्याचा वास नाही, लोण्याचा नाही, ओल्या पुठ्ठ्याचा नाही, उन्हात राहिलेल्या बाटलीला येतो तो उग्र दर्पही नाही. आमटीत दोष दडवायला गोडा मसाला असतो, चिंच-गूळ असतो. साध्या वरणात डाळ, हळद, हिंग, मीठ, वर तूप. डाळ जुनी असेल, बोटचेपी शिजली नसेल, तर पहिल्या घासाला कळतं. लागरचं तसंच. पाणी, सातूचं माल्ट, हॉप आणि यीस्ट, बस. कुठे चुकलं तर ते झाकायला जागाच नाही.

चेक भाषेत अकरा-बाराच्या बिअरला ‘लेझाक’ म्हणतात. लेझाक म्हणजे पडून राहिलेला, निजून असलेला. जर्मन ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणं, त्यातून लागर. मला दोन्हींपेक्षा आपलं ‘मुरणं’ जास्त नेमकं वाटतं. लोणचं नुसतं बरणीत पडून राहत नाही. आत काहीतरी चाललेलं असतं.

काय चाललेलं असतं ते मला एकदाच प्रत्यक्ष चाखायला मिळालं. दक्षिण बोहेमियातल्या एका लहान ब्रुअरीत माझी मैत्रीण काम करते. तिनं तळघरात नेऊन टाकीचा लहानसा नळ उघडला आणि अर्धा पेला भरून दिला. बिअर दोन आठवड्यांची होती. आठ-दहा अंशांवर आंबवून झालेली, नुकतीच थंडीत नेलेली. मी घोट घेतला आणि हिरव्या सफरचंदाची साल चावल्यासारखं झालं. पाठोपाठ लोणी, तेही थोडं जुनं. शेवटी उकडलेल्या अंड्याचा गंधक. कडवटपणा सगळ्यांपासून तुटून एकटाच उभा. मला वाटलं, बिघडलीय. मैत्रीण हसली आणि शेजारच्या टाकीचा नळ उघडला. तीच बिअर, तोच रस, तेच माप, फक्त सात आठवड्यांची. सफरचंद नाही, लोणी नाही, गंधक नाही, आणि कडवटपणा माल्टच्या अंगाला लागून बसलेला. मधल्या पाच आठवड्यांत कोणी काही घातलं नव्हतं. शून्याच्या आसपासच्या थंडीत ते यीस्टच हळूहळू मागं फिरून आपण सोडलेलं परत गिळत होतं आणि मग तळाशी बसत होतं. पसारा करणाऱ्यानंच तो आवरला होता.

या यीस्टची कूळकथा विलक्षण आहे. पाव फुगवणारं नेहमीचं यीस्ट आणि थंडी सोसणारं एक रानटी यीस्ट यांचा हा संकर. एक पालक ओळखीचा होता, दुसरा कोण हे कितीतरी वर्षं कोडं होतं. तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पाटागोनियाच्या जंगलात, बीचच्या झाडांवरच्या गाठींमध्ये सापडला. तिबेटमध्येही नंतर सापडला. पाटागोनियातला शोध जाहीर झाला २०११मध्ये, म्हणजे ऊन्येतित्सेची भट्टी पेटली त्याच वर्षी. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण मला तो आवडतो.

पिल्झेन इथून फार लांब नाही. तिथली गोष्ट बिअरच्या प्रत्येक पुस्तकात असते: १८४२मध्ये योझेफ ग्रोल हा बव्हेरियाचा तरुण ब्रूमास्टर आला, तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि झाटेट्सचे हॉप एकत्र आले, ५ ऑक्टोबरला पहिला घाणा शिजला आणि सोनेरी लागर जगाला मिळाली. माझं मन मात्र त्याच्या चार वर्षं आधीच्या घटनेपाशी रेंगाळतं. १८३८मध्ये पिल्झेनच्या नगर सभागृहासमोर गावकऱ्यांनी छत्तीस पिंपं खराब बिअर ओतून दिली. आपल्याच गावची, आपल्याच पैशाची. ग्रोल कुठूनही आला असता. पण ‘हे चांगलं नाही’ असं आपल्याच मालाबद्दल चारचौघांत म्हणणारी माणसं आधी त्या गावात होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेले तेव्हा तात्यांसाठी काय न्यावं हा प्रश्न होता. ते माळकरी. आषाढीची वारी आता गुडघ्यांमुळे होत नाही, पण गळ्यातली तुळशीची माळ आणि पथ्य तसंच आहे. बिअरची बाटली नेण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. मी मूठभर माल्ट आणि हॉपची दोन वाळलेली बोंडं नेली. पडवीत बसून मी त्यांना सरळ सांगितलं, तात्या, हे बिअरचं धान्य आहे, मी ती पिते, आणि चव बघताना मला तुमचं ‘आनि काय’ आठवतं. ते काही बोलले नाहीत. चार दाणे तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिले.

“मोड आनून वाळीवल्यात,” ते म्हणाले. “तुजी आजी नाचणीचं सत्त्व करायची तसं. आनि मग मंद भाजल्यात. बरोबर?”

बरोबर होतं. हॉपचं बोंड त्यांनी तळव्यावर चुरलं, अंगठ्याला लागलेली पिवळी भुकटी नाकाशी नेली आणि म्हणाले, “हे गांजाच्या भावकीतलं दिसतंय.” हॉप आणि भांग एकाच कुळातले आहेत, हे मला पुस्तक वाचून माहीत झालं होतं.

मग त्यांनी सगळी रीत विचारून घेतली. मी सांगितलं की भरडलेलं माल्ट कोमट पाण्यात कालवतात, दाण्यातल्या पिठाची साखर होते. चेक पद्धतीत त्या कालवणातला काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मूळ कालवणात ओततात, म्हणजे सगळ्याचीच उष्णता एक पायरी वर चढते. असं बहुधा दोनदा. थर्मामीटर नव्हते त्या काळी हीच खात्रीची रीत होती. हे ऐकून तात्या खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, “म्हंजे मापाचं भांडं हेच त्येंचं यंतर!” मग विचारलं, “आनि पुढं किती दिस?”

“थंडीत सहा-सात आठवडे. काही ठिकाणी तीन महिने.”

तात्या गप्प झाले. त्यांच्या कामात सगळं काही तासांत होतं. पाक एका श्वासानं पुढे गेला तर गूळ काळा, मागे राहिला तर ढेप धरत नाही. “आमचं चुकलं तर तितंच कळतं गं पोरी,” ते म्हणाले. “त्येंचं चुकलं तर दोन म्हयन्यानं कळनार. लई अवघड काम हाय.” बिअर करणाऱ्यांबद्दल इतकं समजून बोललेलं मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही, आणि हा माणूस आयुष्यात बिअरचा घोट घेणार नाही.

गुण देणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. पन्नासपैकी किती, पाच तारे की साडेतीन, असा हिशेब एका छोट्या पेल्यावर होतो. आठ-दहा बिअर ओळीनं मांडलेल्या असतात आणि जी पहिल्या घोटाला जिभेला धक्का देते ती पुढे जाते. चांगली लागर त्या ओळीत मधेच कुठेतरी राहून जाते, तांबूस ढेप सौद्यात राहायची तशी. चेक लोकांकडे यासाठी वेगळा शब्द आहे, ‘पितेल्नोस्त’. त्यातला ‘पि’ आपल्या पिण्यातला. ‘पिवो’ हा त्यांचा बिअरचा शब्दही त्याच मुळातला. पितेल्नोस्त म्हणजे एक संपल्यावर दुसरी घ्यावीशी वाटणं, आणि दुसरीही पहिलीइतकीच बरी लागणं. याला गुण देता येत नाहीत. त्यासाठी बसावं लागतं.

म्हणून मी पहिल्या ग्लासच्या वेळी लिहिते आणि दुसऱ्याच्या वेळी वही मिटते. दोनच. दुसरा ग्लास मी मुद्दाम हळू पिते, म्हणजे तो थोडा कोमट होतो. थंडी उतरली की बिअरचं खरं उघडं पडतं. प्रागच्या मध्यभागी एका प्रसिद्ध ठिकाणी न धुतलेल्या नळ्यांतून आलेली बिअर मी अर्धा ग्लास गार होती तोवर निमूट प्याले होते, आणि मग ते खवट लोणी वर आलं होतं. ऊन्येतित्सेच्या बाराच्या बिअरचा शेवटचा घोट पहिल्यापेक्षा गोडसर लागतो, पावाच्या आतल्या मऊ भागासारखा. एवढाच फरक. बाजूच्या टेबलावरचे आजोबा गेली तीन-चार वर्षं मला नुसती मान हलवून ओळख देतात. त्यांच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर पेन्सिलच्या रेघा चढत जातात आणि ते खिडकीबाहेर बघत असतात.

रविवारी सकाळी, म्हणजे गावाकडची दुपार झालेली असते, मी तात्यांना फोन करते. हल्ली ते गुडघ्यांचं सांगायच्या आधी विचारतात, “काल गेलीवतीस?”

“गेले होते.”

“कसं हुतं?”

“चांगलं होतं, तात्या.”

“चांगलं तर असनारच. आनि काय?”

मी वही उघडून वाचते. फेस शेवटपर्यंत टिकला. कडी सहा बसली. भाकरीचा वास गेल्या वेळेपेक्षा जास्त. कडू मागे राहिलं, बारापर्यंत मोजलं. तात्या मधे मधे हुं म्हणतात. मग सांगतात की यंदा परतीचा पाऊस लांबलाय, ऊस अजून ओलाच आहे, गुऱ्हाळ दिवाळीनंतरच लागेल बहुतेक, आणि नवा गुळव्या पोरगा बरा आहे, पण हात वर करायला अजून घाई करतो.